बावटोबाचा कौल

दगड हरवल्याचं उघडकीला आलं तो दिवस शनिवार होता. गोजरा म्हणायची, रविवार. चाळीस वर्षं आमचा यावर वाद चालला. ती गेली त्याला आता दोन महिने होत आले, तेव्हा शनिवारच.

आम्ही सातवण्याचा डोंगर चढून माथ्यावर आलो. पुढे बार्लो साहेब, मागे लाडजी मुकादम आणि त्याच्यामागे आम्ही चार खलाशी. खलाशी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमचा समुद्राशी काही संबंध नव्हता. तेव्हा विलायतेत राणीचं राज्य होतं आणि इथे तिच्या सरकारचं मोजणी खातं मुलुखाचा नकाशा करत होतं. साहेबांच्या दुर्बिणी, साखळ्या आणि तंबू डोंगरावर वाहून नेणाऱ्या गड्यांना त्या खात्यात खलाशी म्हणत. माझ्या डोक्यावर मोठ्या दुर्बिणीची पेटी होती.

साहेब एकदम थांबला. मी लाडजीच्या पाठीवर आदळता आदळता राहिलो.

दोन वर्षांपूर्वी याच साहेबाबरोबर येऊन आम्ही तिथे एक घडीव दगड पुरला होता. गुडघाभर उंच, आणि माथ्यावर एक गोल कोरून गोलाच्या मधोमध एक टिंब. शेजारी काठीला पांढरा बावटा लावून आम्ही उतरलो होतो. आता तिथे तो दगड नव्हता. सारवलेला चौथरा होता, भोवती कमरेइतका दगडी गडगा होता, आणि चौथऱ्यावर भोपळ्याएवढा लालभडक देव बसला होता. समोर दिवा, उदबत्ती, नारळाच्या करवंट्यांचा ढीग. वर तोच आमचा बावटा, फक्त आता भगवा.

बार्लो साहेब मराठी पुण्याच्या एका शास्त्रीबुवांकडून शिकला होता. तो पोथीसारखं बोलायचा.

"हे काय?" तो म्हणाला. "माझा पाषाण कोठे आहे?"

आमच्यामागून सगळं गाव डोंगर चढून आलं होतं. त्यातून पाटील हात जोडून पुढे झाले. दगड राखण्याच्या कागदावर त्यांचाच अंगठा होता.

"हा काय, सायब. राखलाय की. तुमी कागदात लिवलंवतं, दगडाची राखण करावी. रोज दिवा लावतो. पावसात वर पेंढा शाकारतो. गुरं तर सोडाच, चपला घालून कोण जवळ येत नाय. अजून कसा राखायचा?"

साहेब देवाकडे बघत राहिला. इतक्या डोंगरांवर त्याने दगड पुरले होते. कुठे गुराख्यांनी उपटले, कुठे कुणी जात्याला नेले. इतका राखलेला दगड त्याने पाहिला नसणार.

"याचे नाव काय?" त्याने विचारलं.

"बावटोबा."

मागे लाडजी मुकादम खोकला. मी मात्र खाली बघितलं, आणि मनात म्हटलं, हैबती, मेलास.

कारण तो देव मी केला होता.

मी घाटावरचा, जातीने गुरव. दोन वर्षांपूर्वी दगड पुरून सगळे खाली उतरले, मी साखळी गुंडाळायला मागे राहिलो. नवा दगड उभा करायचा आणि तसाच कोरडा टाकून जायचं, हे माझ्या हाताला पटेना. आईने दिलेली शेंदराची पुडी कमरेला होती. दिव्याच्या तेलात थोडा कालवला, दगडाला एक बोट लावलं, शिध्यातला नारळ फोडला आणि उतरलो. एक बोट. बाकीचा सगळा भोपळा गावाने केला.

पण खात्याचा नेम कडक होता. निशाणीच्या दगडाला बोटही लावायचं नाही. लावणाऱ्याचा कमरेचा पट्टा तिथेच काढून घेत, म्हणजे नोकरी गेली. आणि पुढच्या महिन्यात लाडजी घरी बसणार होता, त्याच्या जागी साहेब मला मुकादम करणार होता.

साहेबाने आम्हाला जवळ बोलावून समजावलं. त्याला देवाशी वैर नव्हतं. पण मोठी दुर्बीण दगडावर उभी करून तिचा ओळंबा त्या टिंबावर बरोब्बर सोडायचा होता. इथून तीन डोंगर बघायचे होते. टिंब सापडलं नाही तर सगळा तालुका कागदावर हातभर सरकणार. त्याने खिशातून चाकू काढला आणि देवाजवळ बसला.

गडग्याबाहेरच्या बायकांनी असा गलका केला की साहेबाची टोपी पडली.

तेवढ्यात एक म्हातारा चाचपडत पुढे आला. भागोजी गुरव, बावटोबाचा पुजारी. त्याच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. त्याचा हात धरून त्याची मुलगी उभी होती, अठराएक वर्षांची, काळी, उंच, कपाळाला आठ्या घातलेली. ती गोजरा.

"सायब," भागोजी म्हणाला, "देव तुमचा, गाव तुमचा. पण त्याला इचारल्याबिगर हात लावू नका. कौल घेऊ या."

लोकांच्या धर्मात हात घालायचा नाही असा वरचा हुकूम होता. साहेबाने चाकू मिटला.

"विचारा," तो म्हणाला.

कौल लावायची रीत सोपी. देवाच्या दोन अंगांना पाण्याने भिजवून एकेक पाकळी चिकटवायची. गाऱ्हाणं घालायचं. मग वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही.

"उजवी म्हणजे कोणाची?" साहेबाने विचारलं. "माझी अथवा देवाची?"

"देवाची," भागोजी म्हणाला. "तुमची कशी आसंल?"

"देवाचे मुख कोणत्या दिशेस आहे?"

भागोजीला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. साहेबाने खिशातून होकायंत्र काढलं, देवासमोर धरलं आणि वहीत लिहून घेतलं. देव उत्तरेकडून थोडा पूर्वेला बघत होता.

भागोजीला दिसत नव्हतं म्हणून पाकळ्या गोजराने लावल्या. झेंडूच्या. भागोजीने गाऱ्हाणं घातलं. साहेब टोपी हातात घेऊन उन्हात उभा. पाव तास गेला. डावी पाकळी सुटली आणि पडली.

"नाय म्हणतो," भागोजी म्हणाला.

"उद्या पुन्हा विचारता येईल?"

"येईल की. देव कुठं जातोय."

दुसऱ्या दिवशीही डावीच पडली. साहेबाने समोरच्या डोंगरांकडे बघितलं. हवा आत्ता काचेसारखी होती. चार दिवसांनी धुरकट झाली की समोरचं काही दिसणार नव्हतं. तो मिशी चावायला लागला. लाडजी माझ्या कानात म्हणाला, "साहेब तापला. आता खोदून काढील, मग हुकूम गेला उडत."

त्या दुपारी मी पखाल भरायला झऱ्यावर गेलो. गोजरा तिथे हंडा घासत होती. मी पखाल पाण्यात घातली तशी ती म्हणाली,

"ओ घाटी."

मी मागे बघितलं. दुसरं कुणी नव्हतं.

"तुमी दोन वर्सांमागं आल्तात."

"आलो असंन. सगळेच आले होते."

"सगळे उतरले. तुमी मागं रायलात. मी करवंदीच्या जाळीत होते, शेळी हुडकत." तिने हंडा उलटा केला. "शेंदूर लावलात. नारळ फोडलात. एक तुकडा देवापुढं ठेवलात. पाच पावलं गेलात, मागं फिरलात, नि तो तुकडा पण खाल्लात."

"भूक लागली होती."

"नि देवाला?"

मी पखाल आणखी खोल पाण्यात दाबली. पुढे चाळीस वर्षं तिने हे विचारायचं सोडलं नाही.

"हे बघ बाई," मी म्हटलं, "साहेबाला कळलं तर माझा पट्टा जाईल. पुढच्या महिन्यात मी मुकादम होणार आहे. आमची टोळी ब्रह्मदेशात जायची आहे."

"ब्रह्मदेश कुठं आला?"

"समुद्रापल्याड."

"नि परत कधी?"

"कोण जाणे."

ती थोडा वेळ हंडाच घासत राहिली. हंडा केव्हाच लख्ख झाला होता.

"मी कुणाला सांगणार नाय," ती म्हणाली. "पण त्या सायबाला चाकू लावू देऊ नका. गावातलं मोठं देऊळ चुलत्यानं घेतलं. बाबांचे डोळे गेले तसं म्हणाला, आंधळा काय पूजा करणार. तेवा हा देव आला. आता बावटोबाचा नारळ, बावटोबाचा तांदूळ, यावर आमची चूल पेटते. शेंदूर खरवडला नि आतून सायबाचं कोरीव काम निघालं, की गाव म्हणंल, हा तर सरकारी धोंडा. मग आमी काय करायचं?"

"म्हणून तू कौल फिरवतेस."

हंडा हातातून सुटला. "कोण म्हणतो?"

"मी म्हणतो. उजवी पाकळी पाण्याने लावतच नाहीस. अंगठ्याला भाताची पेज लावून घेतेस. ती चिकटून बसते आणि पाण्यावरची डावी पडते. नखात पांढरं वाळलेलं दिसलं मला काल."

"तुमाला काय कळतं त्यातलं?"

"मी गुरवाचा आहे."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आठ्या गेल्या.

"गुरवाचे? मग ढोल येतो?"

"येतो. वाजवत न्हाई."

"का?"

"एक ठोका चुकला की बाप टिपरूनं बोटांवर हाणायचा. सोळाव्या वर्षी टिपरू विहिरीत टाकलं आणि घाट उतरलो. पुन्हा टिपरू हातात धरणार न्हाई अशी शपथ आहे माझी."

"गुरवाचा नि ढोल वाजवत नाय," ती म्हणाली आणि हसायला लागली. तिचं हसणं मोठं होतं. झऱ्यावरचा खंड्या उडून गेला.

मग आम्ही कामाचं बोललो. मी तिला सांगितलं, साहेबाला सगळा दगड नको आहे. माथ्यावरचा रुपयाएवढा भाग मोकळा झाला की पुरे.

"देव केवढा झाला?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"वय, वय. तुमीच जन्माला घातलात ना?"

"दोन वर्षं."

"नि टाळू कुणी भरली त्याची?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी पखालीवर बसून हसलो. तान्ह्या पोराच्या टाळूवर आई तेल घालते. देवाचं कुणी केलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भागोजीने सगळ्या गावासमोर गाऱ्हाणं घातलं. "बा बावटोबा, तू आमच्यात लहानाचा मोठा झालास, तुझी टाळू भरायची रायली, आमी चुकलो, लेकरं समज. आता भरू म्हणतोस तर उजवी दे." बायकांनी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावले. असं कसं विसरलो, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. गोजराने पाकळ्या लावल्या. या वेळी पेज डावीला होती. उजवी दोन मिनिटांत पडली.

मग काय, सगळ्या गावच्या बायका खोबरेल घेऊन आल्या. देवाच्या माथ्यावर इतकं तेल घातलं की शेंदूर लोण्यासारखा झाला. गोजराने पदराच्या टोकाने हळूहळू पुसलं. रुपयाएवढी जागा मोकळी झाली आणि मधे काळं टिंब दिसलं.

"टाळू!" बायका म्हणाल्या.

"बिंदू!" साहेब म्हणाला.

दोघंही सारखेच खूश.

आम्ही देवावर तिवई उभी केली, वर मोठी दुर्बीण चढवली आणि ओळंबा टाळूवर सोडला. साहेब दिवसभर काम करत होता. दुर्बिणीत बघायला वाकायचा, आकडा सांगायचा, पुन्हा वाकायचा, मग अर्धा गोल फिरून दुसऱ्या बाजूने वाकायचा. गडग्याबाहेर सगळं गाव हात जोडून उभं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बघ गं, कसा प्रदक्षिणा घालतोय. आमच्या पोरांना सांगून येत नाय." दुपारी त्यांनी साहेबाला प्रसादाचं खोबरं दिलं. त्याने टोपी काढून घेतलं आणि खाल्लं.

तिथेच सगळं संपलं असतं. तिन्ही डोंगर मोजून झाले होते. आम्ही दुर्बीण पेटीत भरत होतो. साहेब खूश होता, गडग्यावर बसून पाटलांशी गप्पा मारत होता.

"पाटील," तो म्हणाला, "हा देव प्रथम कोणी पाहिला?"

"मीच की, सायब. तुमी उतरलात त्याच दिशी. कागद दिलात तसा म्हटलं, आपली राखण कुठं हाय बघून यावं. उन्हं कलायच्या आत वर आलो. बघतो तर शेंदूर! ओला! बोटाला लागला!"

"त्याच दिवशी," साहेब म्हणाला.

"त्याच दिशी."

"आणि त्या दिवशी या पर्वतावर कोण कोण होते?"

पाटील भोळा माणूस. "तुमीच की."

साहेब हळूच वळला आणि त्याने आम्हा पाच जणांकडे बघितलं. लाडजी, मी आणि तिघं. त्याच्या मिशीखाली हसू होतं, पण ते चांगलं हसू नव्हतं. तीन दिवस त्याने उन्हात काढले होते.

"भागोजी," तो म्हणाला, "हा देव सत्य सांगतो काय?"

"खोटं सांगंल तो देव कसला?"

"मग विचारा त्यास. प्रथम शेंदूर माझ्या मनुष्याने लावला काय? होय असेल तर उजवी."

माझे हात पेटीच्या कडीवर होते ते तिथेच राहिले. पण मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही. पाकळ्या गोजरा लावणार. ती उजवीला पेज लावेल, डावी पडेल, देव नाही म्हणेल आणि आम्ही उतरू.

ती पुढे आली. पाण्याच्या द्रोणामागे तिची दुसरी वाटी होती. आता मला माहीत होतं म्हणून दिसली. तिने पाकळ्या निवडायला फार वेळ घेतला. एक लावली. मग माझ्याकडे बघितलं. मग दुसरी लावली. बाजूला होऊन तिने डोळे मिटले. ओठ हलत होते.

वर बावटा फडफडत होता तेवढाच.

उजवी पडली.

"होय म्हणतो," भागोजी म्हणाला.

साहेब आमच्यासमोर येऊन उभा राहिला. "कोण?"

मी गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं की काय, कोण जाणे. पण टोळीचा जबाबदार लाडजी. महिन्याने घरी जायचा म्हातारा, त्याच्या हाताखाली झालेली चूक त्याच्याच नावावर गेली असती. मी पुढे झालो.

"मी, साहेब. एक बोट लावलं होतं."

"मला ठाऊक होते," साहेब म्हणाला. "मी पाकळ्यांकडे पाहत नव्हतो. मी तुमच्या मुखांकडे पाहत होतो. उजवी पडली आणि तुझे मुख चुन्यासारखे झाले." त्याने हात पुढे केला. "पट्टा."

मी कमरेचा पट्टा सोडला. पितळी बिल्ला त्यावरच होता. साहेबाने तो घेतला आणि थोडा वेळ हातात तोलला. तो वाईट माणूस नव्हता.

"तू एक देव निर्माण केलास," तो म्हणाला. "इतके मला कधी साधले नाही. आता त्याचे रक्षण कर." आणि पाटलांच्या कागदावर त्यांच्या नावाखाली त्याने माझं नाव लिहिलं. राखणदार, बिनपगारी.

टोळी उतरून गेली. मी करवंदीच्या जाळीपाशी बसून राहिलो. मग उठलो आणि तडक झऱ्यावर गेलो. ती तिथेच होती.

"माझी नोकरी घालवलीस," मी म्हटलं. "अंगठ्याला पेज होती. मी पाहिली."

"होती."

"म्हणजे डावीला लावलीस. मुद्दाम उजवी पाडलीस. मी तुला मदत केली आणि तू मला पकडून दिलंस."

"देवाला इचारा," ती म्हणाली, आणि हंडा उचलून चालायला लागली. दहा पावलांवर थांबून म्हणाली, "बाबा म्हणतात, आज जेवायला या. कुठं जाणार आता?"

मी गेलो. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं. अजूनही जिभेवर आहे.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. मी आठ दिवस राहतो म्हटलं आणि राहिलो. भागोजीने माझं कुळ विचारलं, घाटावर माणूस पाठवून खात्री केली. माझा बाप चार नातेवाइकांना घेऊन लग्नाला घाट उतरून आला. त्याने मला आहेर काय दिला? ढोल. टिपरूसकट. वर म्हणाला, "विहिरीत टाकलंस ते काढून ठेवलं होतं." गोजरा भर मांडवात हसली. तो ढोल मी घराच्या आढ्याला टांगला आणि शपथ पाळली. सासरे गेल्यावर बावटोबाची पूजा माझ्याकडे आली. शेंदूर लावायचो, दिवा लावायचो, गाऱ्हाणं घालायचो. ढोल वाजवायला जत्रेत शेजारच्या वाडीचा माणूस यायचा.

कौल मात्र गोजराने त्यानंतर कधी लावला नाही. म्हणायची, तुमचा हात लावा. मी साध्या पाण्याने लावायचो.

आणि भांडण चालू राहिलं. भात करपला की मी म्हणायचो, "बरोबर आहे, पेज सगळी पाकळीला गेली." ती म्हणायची, "देवाच्या तोंडचा तुकडा खाणाऱ्याला करपलेलाच मिळायचा." पावसात घर गळलं की मी म्हणायचो, "मुकादम असतो तर आज ब्रह्मदेशात कौलारू बंगल्यात असतो." ती म्हणायची, "आसतात तर. जा की. वाट कुणी अडवलीय?" मी म्हणायचो, "तूच अडवलीस. उजवी पाडून." आणि ती म्हणायची, "देवाला इचारा." मुलं मोठी झाली, सुना आल्या, त्यांनाही हे सगळं पाठ झालं. मला वाटायचं, तिने मला मुद्दाम ठेवून घेतलं. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला आतून मोठा अभिमान होता. एका पोरीने माझ्यासाठी देवाला खोटं बोलायला लावलं, असं मी धरून चाललो होतो.

यंदा दिवाळीनंतर ती अंथरुणाला लागली. एका दुपारी मी पेज भरवत होतो. वाटीकडे बघून ती हसली.

"अहो, एक सांगू? त्या दिशी पेज मी उजवीला लावली होती."

"कधी?"

"सायबानं इचारलं तेवा."

मी चमचा खाली ठेवला. "वेडे, उजवीला लावली असतीस तर उजवी टिकली असती. डावी पडली असती."

"तेच तर. चांगली दाबून लावली. तुमी वाचावं म्हणून."

"मग पडली कशी?"

"मना काय म्हायत? हात थरथरत व्हता. नायतर देवानं पाडली."

चाळीस वर्षांचं माझं भांडण एका क्षणात निकालात निघालं होतं. मला ते आवडलं नाही.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. या वयात ती लाजत होती.

"पाकळी लावली नि डोळे मिटले. मनात म्हटलं, देवा, हाताकडं बघू नको. मनातलं बघ. हा घाटी समुद्रापल्याड जाऊ देऊ नको. ठेवलास हितं, तर तुझ्यापुढं त्याच्या हातनं ढोल वाजवून घेईन."

"माझ्या हातानं? मला न विचारता?"

"तुमाला इचारलं आसतं तर तुमी वाजवला आसता?"

"न्हाई."

"मग?"

"लग्न झाल्यावर तरी सांगायचंस."

"रोज म्हणायची, आज सांगू. मग तुमी ते ब्रह्मदेशाचं काढायचात नि मना राग यायचा." तिला श्वास पुरत नव्हता. "नवस रायला तेवढा. आता तुमी बघा."

मी वाटी उचलली. "पेज संपव आधी," मी म्हटलं. तिने दोन चमचे घेतले. पाचव्या दिवशी ती गेली.

तेरावा झाल्यावर मी आढ्याचा ढोल काढला. कातडं ढिलं पडलं होतं. उन्हात तापवलं, दोऱ्या आवळल्या. थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, मी वाजवतो." त्याला म्हटलं, नवस माझ्या हातचा आहे.

आजवर चार वेळा ढोल डोंगरावर नेला. बावटोबासमोर बसलो. त्याच्या टाळूवर तेल घातलं. टिपरू हातात घेतलं की मला शेजारी कुणीतरी हसायला लागेल असं वाटतं, आणि कुणी हसत नाही. चारही वेळा ढोल तसाच खाली आणला.

नवस अजून फेडायचा आहे.